लोकल येण्यापूर्वी : मुंबई आणि आसपासच्या रेल्वेप्रवासाची माहिती

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला लोकलविषयी सगळ्यात आधी ऐकवले जाते ते तिच्या गर्दीबद्दल, आणि तेही असे की ऐकणाऱ्याने रिक्षाच बरी म्हणावी. गर्दी खरीच आहे. परंतु नवख्या प्रवाशाची फजिती होते ती बहुतेक वेळा गर्दीमुळे नव्हे, तर गाडी समोर येऊन उभी राहीपर्यंत त्याने काहीच ठरवलेले नसते म्हणून. स्थानकात गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते आणि तेवढ्या वेळात पाटी वाचणे, डबा शोधणे आणि आत चढणे या तिन्ही गोष्टी जमत नाहीत. कोणती गाडी, कोणता फलाट, कोणता डबा आणि फलाटावर उभे राहण्याची कोणती जागा, एवढे आधी ठरलेले असले की बाकीचे काम मागची माणसेच करून टाकतात.

मार्गांची ओळख

शहर दक्षिणोत्तर लांबट असल्यामुळे मुख्य मार्गही तसेच धावतात. पश्चिम रेल्वेचा मार्ग चर्चगेटहून निघून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, वसई रोड असा विरारपर्यंत आणि तिथून पुढे पालघरवरून डहाणू रोडपर्यंत जातो. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजे बोलीभाषेतल्या सीएसएमटीहून, भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली करीत कल्याणला पोहोचतो आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा टिटवाळा, आसनगावमार्गे कसाऱ्याला जातो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, नेरळमार्गे कर्जतला आणि तिथून खोपोलीला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी धावली, तिचा ३४ किलोमीटरचा रस्ता याच मार्गाचा पहिला तुकडा होय.

तिसरा मार्ग हार्बरचा, आणि नवख्यांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो तो इथेच. सीएसएमटीहून निघालेली हार्बर लोकल वडाळा रोडपर्यंत एकाच मार्गाने जाते. त्यानंतर काही गाड्या माहीम, वांद्रे, अंधेरीवरून गोरेगावला वळतात, तर काही कुर्ला, चेंबूर, मानखुर्द करीत खाडी ओलांडून वाशीला आणि पुढे पनवेलला जातात. गाडी हार्बरची आहे एवढ्यावर समाधान न मानता ती गोरेगावची आहे की पनवेलची, हे चढण्यापूर्वी पाहावे. चूक झालीच तर वडाळा रोडला उतरून गाडी बदलता येते. ठाण्याहून नवी मुंबईत जाणारा ट्रान्स हार्बर मार्ग वेगळा असून ऐरोली, घणसोलीच्या कार्यालयांत जाणाऱ्यांना तो फार सोयीचा आहे. नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंत जाणारी लोकल जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत धावू लागली आहे.

मार्ग बदलण्याची मुख्य ठिकाणे थोडी आहेत, ती पाठच करावीत. पश्चिम आणि मध्य रेल्वे दादरला भेटतात. मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. पश्चिम आणि हार्बर वांद्रे, अंधेरी, गोरेगाव येथे. मध्य आणि ट्रान्स हार्बर ठाण्याला. घाटकोपर आणि अंधेरी ही दोन स्थानके मेट्रो १ ने जोडलेली असल्याने पूर्व उपनगरांतून पश्चिमेकडे जाण्यासाठी दादरपर्यंत खाली येण्याची गरज राहत नाही. दादरची गर्दी टाळायची असेल तर परळ आणि प्रभादेवी ही दोन स्थानके पुलाने जोडलेली आहेत. मात्र तिथे मध्य रेल्वेच्या धीम्या गाड्याच कामाच्या. दादरविषयी आणखी एक सूचना द्यायला हवी. पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट तिथे स्वतंत्रपणे एकपासून मोजले जात, त्यामुळे ‘दादरला एक नंबरवर भेटू’ असे ठरवून दोन माणसे दोन टोकांना उभी राहत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. परंतु जुन्या मुंबईकराने पत्ता सांगितला असेल तर तो जुन्या क्रमांकाने बोलतो आहे की नव्या, हे विचारून घ्यावे.

सारख्या नावांचीही दखल घ्यावी. माटुंगा मध्य रेल्वेवर आहे आणि माटुंगा रोड पश्चिमेवर. सँडहर्स्ट रोडला तर एकाच स्थानकात मुख्य मार्गाचे फलाट खाली आणि हार्बरचे वर आहेत.

तिकीट आणि पास

साध्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. तिकीट खिडकीवर, स्वयंचलित यंत्रावर किंवा रेल्वेच्या ॲपवर काढता येते. ॲपवरचे कागदविरहित तिकीट फलाटावर शिरण्यापूर्वी काढायचे असते. समोर तपासनीस दिसल्यावर मोबाइल उघडणाऱ्यांसाठी ती सोय नाही. असे तिकीट किंवा पास ॲपमध्येच उघडून दाखवावा लागतो, त्याचा काढून ठेवलेला फोटो चालत नाही, म्हणून घरातून निघताना मोबाइलची बॅटरी पाहण्याची सवय लावून घ्यावी. विनातिकीट सापडल्यास भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड भरावा लागतो.

दोन मार्गांवरून प्रवास असेल तर दोन तिकिटे काढण्याचे कारण नाही. बोरिवलीहून ठाण्याला जायचे असल्यास ‘दादरमार्गे’ असे एकच तिकीट मिळते. फक्त खिडकीवर मार्ग स्पष्ट सांगावा आणि ॲपवर तो नीट निवडावा, कारण तिकिटावर छापलेल्या मार्गानेच जाण्याची मुभा असते. रोजचे येणे-जाणे असेल तर मासिक किंवा त्रैमासिक पास काढणे शहाणपणाचे. महिन्यातून पंधरा दिवस प्रवास करणाऱ्यालाही तो स्वस्तच पडतो. चार-पाच दिवसांसाठी पाहुणे म्हणून आलेल्यांना एक, तीन आणि पाच दिवसांची पर्यटक तिकिटे मिळतात.

पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि वातानुकूलित लोकल यांची भाडी वेगवेगळी असून दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर इतर दोन्हींत चढता येत नाही. पहिल्या वर्गाच्या आसनांना जरा बरी गादी असते आणि माणसे किंचित कमी असतात. सकाळी साडेआठला हा ‘किंचित’ शब्दही धाडसाचा ठरतो. वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि आता मध्य रेल्वेवरही धावते. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर जास्तीचे भाडे देऊन तिनेच जावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्या फेऱ्या मोजक्या असल्याने वेळ आधी पाहून ठेवावी लागते.

फलाटावर

फलाटावर पोहोचल्यावर प्रथम इंडिकेटर वाचावा. त्यावर गाडीचे अंतिम स्थानक, वेळ, गाडी जलद आहे की धीमी, आणि ती किती डब्यांची आहे, एवढी माहिती असते. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते. जलद गाडी मधली स्थानके गाळते. पण सगळ्या जलद गाड्या सारख्या नसतात. काही अंधेरीपर्यंत किंवा बोरिवलीपर्यंत जलद आणि पुढे धीम्या असतात, काही मध्य रेल्वेवर ठाण्यानंतर प्रत्येक स्थानकावर थांबतात. गाडी कोणत्या स्थानकांवर थांबणार नाही, हे उद्घोषणेत सांगितले जाते, ते लक्ष देऊन ऐकावे. ऐकू न आल्यास शेजारच्या माणसाला विचारावे. मुंबईकर घाईत असतो, पण गाडीविषयी विचारल्यावर उत्तर न देणारा मुंबईकर विरळा.

मध्य रेल्वेवर गाड्यांना अंतिम स्थानकानुसार इंग्रजी आद्याक्षरे आहेत. ठाण्याला ‘टी’, कल्याणला ‘के’, अंबरनाथला ‘ए’, बदलापूरला ‘बीएल’ ही अक्षरे सहज ओळखू येतात. परंतु कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’ आहे, आणि धीम्या गाडीचे चिन्हही ‘एस’च. मी स्वतः एकदा माहुली किल्ल्यासाठी आसनगावला निघालो असताना केवळ एक अक्षर पाहून गाडीत बसलो आणि विठ्ठलवाडीचा फलाट दिसेपर्यंत खिडकीतली हवा खात होतो. कल्याणच्या पुढे जायचे असेल तेव्हा अक्षरावर विसंबू नये, स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे.

आता उभे राहण्याच्या जागेबद्दल, कारण लोकल-प्रवासाचे खरे शास्त्र इथे आहे. गाड्या बहुधा बारा डब्यांच्या असतात, काही पंधरा डब्यांच्या. पंधरा डब्यांची समजून फलाटाच्या टोकाला उभे राहिलेल्या माणसासमोर बारा डब्यांची गाडी आली, तर त्याला बॅग सांभाळत पळावे लागते आणि बहुधा गाडी चुकते. महिलांचे, पहिल्या वर्गाचे, दिव्यांगांचे आणि सामानाचे डबे ठरलेल्या जागी येतात. त्यांच्या खुणा फलाटावर आणि डब्यांवर केलेल्या असतात. महिलांच्या डब्यांपैकी काही चोवीस तास राखीव असतात, तर काही ठरावीक वेळेतच. डब्यावरच्या पाटीवर तसे लिहिलेले असते आणि पुरुषांनी ते वाचल्याखेरीज रिकामा डबा दिसला म्हणून आत शिरू नये. मोठ्या गाठोड्यांसाठी सामानाचा डबा आहे. सुटकेस घेऊन गर्दीच्या वेळी साध्या डब्यात चढणे हा इतरांवर अन्यायच.

याहून बारीक गोष्ट अशी की, आपल्याला ज्या स्थानकावर उतरायचे आहे तिथला पूल किंवा जिना कोणत्या डब्यासमोर येतो, त्यानुसार चढण्याचा डबा निवडावा. रोजचा प्रवासी हे मनात कोरून ठेवतो. त्याला दादरच्या मधल्या पुलासाठी कुठे उभे राहायचे आणि घाटकोपरला मेट्रोसाठी कुठे, हे विचार न करता कळते. नवख्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरल्यावर एवढेच पाहावे की पूल आपल्या पुढे राहिला की मागे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढे डबे पुढे-मागे सरकावे. यामुळे रोजची पाच मिनिटे वाचतात आणि पुलावरच्या लोंढ्यात सापडण्याची वेळही येत नाही.

चढणे, उभे राहणे, उतरणे

सकाळी साधारण साडेसात ते अकरा या वेळेत दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे गर्दीचा भर असतो. मात्र अंधेरी, वांद्रे, ऐरोली येथे कार्यालये वाढल्यापासून उलट्या दिशेच्या गाड्या रिकाम्या असतात हा जुना समज आता पूर्णपणे खरा राहिलेला नाही. नव्या माणसाने पहिला प्रवास दुपारी बारा ते चारच्या दरम्यान करून पाहावा. त्या वेळी लोकल एखाद्या शांत पॅसेंजरसारखी वागते.

गाडी थांबल्यावर उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी आणि दाराच्या कडेने चढावे. पाठीवरची बॅग पुढे छातीशी घ्यावी, मोबाइल आणि पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. चर्चगेट आणि सीएसएमटी येथे जागा पकडण्यासाठी थांबत असलेल्या गाडीत उड्या मारणारे लोक दिसतील. त्यांचे अनुकरण मुळीच करू नये. चढल्यावर दाराशी न थांबता आत, आसनांच्या मधल्या पॅसेजमध्ये सरकावे. तिथे वारा कमी असला तरी धक्के कमी बसतात आणि जागा मिळण्याची शक्यताही तिथेच असते. दारात लटकून प्रवास करणे सोपे वाटते, पण रुळांलगतचे खांब डब्याच्या किती जवळून जातात हे दारात उभ्या माणसाला आयत्या वेळी कळते.

जागेचेही संकेत आहेत. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे, याला ‘चौथी सीट’ म्हणतात आणि ती मागितल्यावर बसलेल्यांनी थोडे सरकणे हा अलिखित नियम आहे. उभा प्रवासी बसलेल्याला नुसते ‘कुठे?’ असे विचारतो. त्याचा अर्थ आपण कुठे उतरणार, म्हणजे ही जागा केव्हा रिकामी होणार, असा असतो. नवख्याला हा प्रश्न उद्धट वाटतो, पण तो तसा नसतो आणि त्याला स्थानकाचे नाव सांगणे एवढेच अपेक्षित असते. एकदा नाव सांगितले की ती जागा पुढच्या माणसाच्या नावे लागली असे सगळे धरून चालतात.

उतरण्याची तयारी जलद गाडीत एक स्थानक आधी आणि धीम्या गाडीत दोन स्थानके आधी सुरू करावी. दाराकडे जाताना पुढच्याला ‘दादर?’ असे विचारावे. त्याने होकार दिला तर त्याच्या मागे राहावे, नकार दिला तर तो बाजूला होऊन आपल्याला पुढे घेतो. फलाट डावीकडे येणार की उजवीकडे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण चुकीच्या दारापाशी उभे राहिलेल्या माणसाला गर्दीतून आडवे जाणे शक्य होत नाही. आणि एक खास इशारा. संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार जलद गाडीत अंधेरी किंवा बोरिवलीसाठी चढू नये. चढता येईल, पण विरारपर्यंतचे प्रवासी दार अडवून उभे असतात आणि मध्येच उतरू पाहणाऱ्याचे स्वागत फारशा सौजन्याने होत नाही. त्यासाठी बोरिवलीची किंवा अंधेरीची गाडी असते, ती घ्यावी.

एक स्थानक पुढे गेलोच, तर घाबरून रूळ ओलांडू नयेत. पूल चढून पलीकडच्या फलाटावरून परत यावे.

शहराबाहेर

लोकलचा उपयोग केवळ नोकरीपुरता करणारे लोक या व्यवस्थेचा अर्धाच लाभ घेतात. काही रुपयांच्या तिकिटात ती सह्याद्रीच्या पायथ्याशी नेऊन सोडते, आणि सुट्टीच्या सकाळी शहरातून बाहेर जाणाऱ्या गाडीत खिडकीही मिळते.

कर्जतचा फाटा पावसाळ्यात सर्वांत देखणा. बदलापूर सोडल्यावर वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड असे करीत गाडी डोंगरांच्या कुशीत शिरते. अंबरनाथला उतरून इ. स. १०६० च्या सुमाराचे शिवमंदिर पाहता येते. स्थानकाहून रिक्षाने ते जवळ आहे. माथेरानला जाणारी छोटी गाडी नेरळहून सुटते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या अरुंद रुळांच्या गाडीचा नेरळकडचा भाग पावसाळ्यात बंद असतो आणि तेव्हा माथेरानजवळच्या अमन लॉज स्थानकापर्यंत वाहनाने जावे लागते. कर्जतहून कोंढाणे लेणी आणि पेठचा किल्ला गाठता येतो. भिवपुरीच्या धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात अनेकदा जमावबंदी असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

कसाऱ्याच्या फाट्यावर टिटवाळ्याचा गणपती आणि आसनगावचा माहुली ही दोन प्रसिद्ध ठिकाणे आहेत. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना जाता येते, मात्र सोमवारी उद्यान बंद असते. वसई रोडला उतरून बस किंवा रिक्षाने वसईच्या किल्ल्यात जावे; १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा किल्ला निवांत पाहायला तीन तास तरी हाताशी असावेत. नालासोपाऱ्याला सोपाऱ्याचा प्राचीन बौद्ध स्तूप आहे, आणि त्याहून पुढे केळवे रोडला उतरल्यास केळव्याचा समुद्रकिनारा.

माझ्या आवडीची फेरी मात्र उरणची आहे. सकाळी नेरूळ किंवा बेलापूरहून लोकलने उरणला जावे, पिरवाडीचा किनारा पाहून मोरा बंदरावर यावे, लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरावे आणि तिथून जवळच्या डॉकयार्ड रोड स्थानकावरून हार्बर लोकलने घरी परतावे. जाताना रेल्वे, येताना समुद्र, आणि एकही पाऊलवाट दोनदा नाही. समुद्र खवळलेला असेल तर लाँच बंद राहते, तेव्हा परतीच्या लोकलची वेळ खिशात असू द्यावी.

या लांबच्या टोकांबाबत एक गोष्ट विसरू नये. कल्याणपर्यंत किंवा विरारपर्यंत दर काही मिनिटांनी गाडी असते म्हणून पुढेही तशीच असेल असे नाही. कसारा, खोपोली, डहाणू आणि उरणकडच्या गाड्या मोजक्या आहेत. दुपारी एक गाडी चुकली तर तासभर फलाटावर बसावे लागते. म्हणून उतरल्याबरोबर प्रथम परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून घ्याव्यात आणि मग रिक्षा शोधावी.

रविवार, पाऊस आणि रात्र

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. त्या काळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात किंवा एखाद्या भागातील सेवाच काही तास बंद असते. हार्बरवर हा प्रसंग वारंवार येतो. शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकचा मार्ग आणि वेळ छापून येते. रविवारी लग्नाला, परीक्षेला किंवा विमानतळावर जायचे असेल तर ती पाहिल्याशिवाय निघू नये.

पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की कुर्ला, शीव या सखल भागात रुळांवर पाणी साचते आणि मध्य व हार्बर मार्गांचा वेग मंदावतो. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली तर खाली उतरून चालू लागण्याऐवजी उद्घोषणेची वाट पाहावी, कारण शेजारच्या रुळावरून गाडी येण्याची शक्यता असते. पाण्याची बाटली आणि थोडे खाणे या दिवसांत बॅगेत असावेच. मदतीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

चर्चगेट आणि सीएसएमटीहून रात्री एकच्या सुमारास गाड्या थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. परंतु लांबच्या टोकांना जाणाऱ्या शेवटच्या गाड्या त्याआधीच सुटलेल्या असतात आणि डहाणूकडची तर बऱ्याच आधी. कार्यक्रम लांबणार असेल तर आपल्या मार्गाच्या शेवटून दुसऱ्या गाडीच्या बेताने निघावे, म्हणजे ती चुकली तरी एक गाडी हाती राहते. रात्री उशिरा रिकाम्या डब्यात एकट्याने बसण्यापेक्षा चार माणसे असलेला डबा निवडावा. महिलांच्या डब्यात त्या वेळी बहुधा पोलीस किंवा गृहरक्षक असतो. तो कोणत्या डब्यात आहे हे फलाटावरून पाहूनच चढावे.